मासा, नदी आणि साक्ष

लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात प्रभू येशू आपल्या श्रोत्यांपुढे एक घरगुती प्रसंग ठेवतो. मुलाने खावयास मासा मागावा आणि बापाने त्याच्या हाती साप द्यावा, असे कधी घडेल काय, असा त्या प्रसंगाचा आशय आहे. असा बाप असूच शकत नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, म्हणूनच त्या दृष्टान्ताला बळ येते. परंतु गेल्या शतकात पृथ्वीच्या काही नद्यांकाठी अशी वेळ आली की, बापाने प्रेमाने दिलेल्या माशातच साप दडला होता, आणि तो देणाऱ्याला दिसत नव्हता, घेणाऱ्यालाही दिसत नव्हता. ज्यांना तो दिसू शकत होता त्यांनी पुष्कळ वर्षे डोळे मिटून घेतले.

हा साप म्हणजे पारा व त्यासारखे इतर जड धातू होत. त्यांनी नदीतील मासे कसे विषारी केले, त्या माशांवर जगणाऱ्या मूलनिवासी लोकांचे काय झाले, आणि त्या काळी ख्रिस्ती मंडळी कोठे उभी होती, याचा थोडा इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. आदिलाबादच्या नद्यांकाठी सेवा करणाऱ्या पाळक, धर्मगुरू व धर्मशिक्षक बांधवांना तो दूरदेशीचा वाटू नये, म्हणून आरंभ आदिलाबादपासूनच करितो.

१. नद्यांनी वेढलेला मुलूख

आज आदिलाबाद या नावाने ओळखला जाणारा जिल्हा हा २०१६ च्या विभाजनानंतर उरलेला भाग होय. जुन्या जिल्ह्यातून आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल व कुमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे निर्माण झाले. येथे आम्ही जुना जिल्हाच डोळ्यांपुढे ठेवला आहे, कारण नद्यांनी आखलेली सीमा त्याचीच होती. उत्तरेस पैनगंगा; ती वर्ध्येस मिळते; पुढे वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता होते; आणि दक्षिणेकडून वाहत आलेल्या गोदावरीस प्राणहिता कालेश्वराजवळ मिळते. या पाण्याने वेढलेल्या डोंगराळ भूमीवर राजगोंड, कोलाम, परधान व नायकपोड हे लोक राहतात. मराठी, तेलुगू, गोंडी व कोलामी या चारही भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात. राजुरा तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातून निघाला आणि पुढे चंद्रपुरात गेला. पण नदीच्या दोन्ही तीरांवरील सोयरीक काही तुटली नाही.

उन्हाळ्यात ओढ्यानाल्यांचे पाणी आटू लागले म्हणजे डोहांतील मासे धरणे, ही या लोकांच्या निर्वाहातील जुनी रीत आहे. ज्वारी संपत आली असता व मोहाचा हंगाम सरला असता मासा हा पोटाचा आधार ठरतो. हा आधार विकत आणावा लागत नाही, त्यासाठी सावकाराच्या दारी जावे लागत नाही. म्हणूनच नदीचे पाणी बिघडले तर शहरातील माणसाचे फक्त जेवणातले एक पक्वान्न कमी होते. आदिवासी घरातले मात्र अन्नच जाते.

या लोकांचे म्हणणे वेळेवर ऐकून न घेण्याची सवय येथे नवी नाही. जमीन व जंगल यांच्या हक्कांसाठी उभा राहिलेला कुमराम भीम १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात आपल्या साथीदारांसह निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडून गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करविला. राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. गोळी आधी आणि चौकशी मागाहून, असा तो क्रम होता. हा क्रम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील सर्व कथेत तो पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

त्याच सुमारास या जिल्ह्यात यंत्रयुगाचे पाऊल पडले. सिरपूर पेपर मिल्स ही कंपनी १९३८ साली स्थापन झाली, आणि १९४२ च्या सुमारास कोतापेट येथे कागद निघू लागला. आदिलाबादच्या जंगलांतील बांबू त्या कागदाचा कच्चा माल होता. गावाचे नावही बदलून कागजनगर झाले. २०१४ साली बंद पडलेला हा कारखाना २०१८ साली नव्या मालकांच्या हाती पुन्हा सुरू झाला. उत्तरेस वर्ध्येच्या काठी बल्लारपूरची कागदगिरणी उभी राहिली. बेल्लमपल्ली-मंदमर्रीच्या पट्ट्यात व पलीकडे घुग्घुस-चंद्रपूर भागात कोळशाच्या खाणी पसरल्या, आणि कोळशापाठोपाठ औष्णिक वीजकेंद्रे आली. कोळशात पारा, शिसे व आर्सेनिक हे अत्यल्प प्रमाणात असतातच. कोळसा जळाला म्हणजे ते धुरात व राखेत उतरतात. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची प्रतवारी प्रसिद्ध केली, तेव्हा चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली. चंद्रपूरचे पाणी वर्ध्येतून प्राणहितेत येते, हे नकाशा पाहणाऱ्या कोणालाही दिसेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा लेख कोणत्याही कारखान्यावरील आरोपपत्र नव्हे. कागद, कोळसा व नदी यांचे जे सान्निध्य आमच्या दारी आहे, तेच अन्यत्र असता काय घडले, हे सांगण्याचा आमचा हेतू आहे. त्यासाठी प्रथम कागद आणि पारा यांचे नाते समजून घेतले पाहिजे.

२. पारा माशात कसा शिरतो

बांबूचा किंवा लाकडाचा लगदा तपकिरी असतो. तो पांढरा करण्यास पूर्वी क्लोरीन वायू वापरीत. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली असता क्लोरीन व कॉस्टिक सोडा मिळतो, आणि जुन्या पद्धतीत त्या विद्युत्‌घटाच्या तळाशी पाऱ्याचा थर असे. या थरातील काही पारा धुण्याच्या पाण्याबरोबर बाहेर जाई. म्हणजे कागदात पारा नसला तरी कागद पांढरा करणाऱ्या क्लोरीनच्या मागे पारा उभा होता.

धातुरूप पारा जड असल्याने नदीच्या तळाशी बसेल व तेथेच राहील, असा पुष्कळ वर्षे समज होता. तो चुकीचा ठरला. तळाच्या गाळात, जेथे प्राणवायू नसतो तेथे, सूक्ष्म जंतू पाऱ्याचे रूपांतर मिथिल पाऱ्यात करितात, हे १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले. हा मिथिल पारा शेवाळात शिरतो, शेवाळातून किड्यांत, किड्यांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या शिकारी माशांत. प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढत जाते. पाण्यात जो मोजताही येऊ नये इतका अल्प असतो, तो मरळ किंवा शिंगाळा यांसारख्या मासे खाणाऱ्या माशांत लक्षावधी पटींनी साठलेला असू शकतो.

या विषाचे तीन विशेष आमच्या बांधवांनी ध्यानात घ्यावेत. पहिला, असा मासा पाहण्यास धडधाकट व चवीस उत्तम असतो. नदीत मासे एकदम मरून तरंगू लागले तर त्याचे कारण बहुधा पाण्यातील प्राणवायू संपणे किंवा एखादे तीव्र रसायन हे असते. जड धातू तसा बोभाटा करीत नाही. दुसरा, मिथिल पारा माशाच्या मांसातच बांधला जातो. म्हणून तो धुऊन, तळून, वाळवून किंवा कातडी काढून जात नाही. तिसरा, तो गर्भवतीच्या शरीरातून गर्भात जातो व गर्भाच्या मेंदूवर आघात करितो. आई बरी दिसते आणि बाळ अधू जन्मते.

३. मिनामाता : ज्यांवर विश्वास ठेवला गेला नाही

जपानच्या दक्षिणेस मिनामाता नावाचे गाव आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड तयार होत असे, आणि त्यात पाऱ्याचा उपयोग केला जाई. १९५० च्या दशकात किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत मांजरे वेड्यावाकड्या उड्या मारून मरू लागली, पक्षी आकाशातून पडू लागले. मग माणसांचे हातपाय बधिर झाले, बोलणे अडखळू लागले, दृष्टी चोहोंबाजूंनी आकुंचित झाली. कारखान्याच्याच दवाखान्याचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांच्या दवाखान्यातून १ मे १९५६ रोजी या अज्ञात रोगाची अधिकृत नोंद झाली. प्रथम लोकांनी तो सांसर्गिक मानला. रोग्यांच्या घरांवरून लोक तोंड झाकून जात, दुकानदार त्यांच्या हातून पैसे घेण्यास कचरत.

१९५९ साली कुमामोतो विद्यापीठाने सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविले. त्याच वर्षी डॉ. होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजरास खाऊ घातले व त्यास तोच रोग झाला. ही गोष्ट कंपनीने बाहेर येऊ दिली नाही. वर्षाच्या अखेरीस रोग्यांना सहानुभूतीची म्हणून थोडी रक्कम देण्यात आली, आणि पुढे कारखाना दोषी ठरला तरी आणखी काही मागणार नाही असे कबूल करून घेण्यात आले. १९६५ साली निगाता प्रांतातील अगानो नदीच्या काठी तोच रोग पुन्हा प्रकट झाला. या वेळी मासा समुद्रातला नव्हता, नदीतला होता. जपान सरकारने कारण मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. पहिल्या नोंदीपासून बारा वर्षे गेली होती. ही बारा वर्षे रसायनशास्त्राच्या अज्ञानामुळे गेली नाहीत, कारण पहिल्या तीन वर्षांतच उत्तर हाती आले होते. ती गेली, कारण मासा खाणाऱ्या गरीब कोळ्याच्या शब्दाला वजन नव्हते.

४. वाबिगून नदीकाठचे ओजिब्वे

आता आमच्या विषयाशी सर्वांत जवळची कथा. कॅनडातील आँटॅरिओ प्रांताच्या वायव्येस ड्रायडन या गावी कागदाच्या लगद्याची गिरणी आहे. तिच्यासाठी क्लोरीन करणारा कारखाना १९६२ साली शेजारी सुरू झाला, आणि १९७० पर्यंत सुमारे नऊ टन पारा वाबिगून नदीत सोडला गेला. खालच्या अंगास, सुमारे शंभर किलोमीटरवर, ग्रासी नॅरोज हे ओजिब्वे लोकांचे गाव, आणि त्याहून खाली व्हाइटडॉग. हे लोक मूलनिवासी. मासा हे त्यांचे अन्न, आणि मासे धरून विकणे व शिकारी पर्यटकांना वाट दाखविणे हा त्यांचा रोजगार होता.

१९७० च्या सुमारास नॉर्वेहून आलेले नॉर्वाल्ड फिमराइट नावाचे संशोधक विद्यार्थी कॅनडातील माशांतील पारा मोजत होते. त्यांच्या कामातून प्रकरण उजेडात आले. शासनाने नदीवरील व्यापारी मासेमारी बंद केली. पण पर्यटन बंद पडू नये म्हणून, मासे गंमत म्हणून धरा, खाऊ नका, अशा अर्थाच्या पाट्या लावल्या गेल्या. वाटाड्याचा रोजगार करणारा ओजिब्वे मात्र पर्यटकांना काठावर मासे भाजून देई व स्वतःही तेच खाई. ज्याचा धंदा गेला त्याच्या घरात दुसरे अन्न नव्हते. तोही तेच खाई.

मग चालताना तोल जाणारी माणसे दिसू लागली. हात थरथरत, जीभ अडखळे. या लक्षणांना बाहेरच्या पुष्कळांनी एकच नाव दिले: दारू. दारू तेथे नव्हती असे नाही. १९६३ नंतर शासनाने हे गाव जुन्या जागेवरून उठवून रस्त्यालगत वसविले होते. लोकांची शिकारीची रानेवने दुरावली होती. आणि पाठोपाठ मासेमारीही गेली. अशा समाजात दारू शिरते, आणि तेथे ती भयंकर शिरली. परंतु तोल जाणारा प्रत्येक माणूस प्यालेला नव्हता, आणि जो प्याला होता त्याच्याही शरीरात पारा असू शकत होता. दारूचे नाव उच्चारले की पुढची चौकशी थांबे. दोष कारखान्याकडून सरकून रोग्याच्या शीलाकडे जाई.

त्यांच्यावर प्रथम विश्वास ठेवणाऱ्यांत मिनामाताची माणसे होती. मिनामाता रोगाचे अभ्यासक डॉ. हारादा मासाझुमी १९७५ साली तेथे गेले, लोकांना तपासले आणि आपल्या गावच्या रोगाच्या खुणा त्यांनी ओळखल्या. त्याच वर्षी ओजिब्वे लोकांचे शिष्टमंडळ मिनामातास जाऊन आले. दोन खंडांतील दोन कोळी समाज एकमेकांचे हात पाहून आपला रोग ओळखतात, हे दृश्य आम्हांस फार बोलके वाटते. नुकसानभरपाईचा करार व्हावयास मात्र १९८५ साल उजाडले. २०२० साली एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखविले की, ज्यांच्या शरीरात पूर्वी पारा अधिक होता ते साठ वर्षांच्या आत मरण पावण्याचे प्रमाण अधिक होते. नदीत पारा सोडणे थांबून अर्धशतक झाले होते.

५. मंडळी कोठे होती

हा प्रश्न आम्ही टाळू इच्छित नाही. पारा येण्याच्या आधीच्या पिढ्यांत ओजिब्वे मुलांना घरांतून काढून निवासी शाळांत ठेवले जाई. त्या शाळा शासनाच्या पैशाने व ख्रिस्ती मंडळ्यांच्या हाताने चालत. मुलांची भाषा त्यांच्या तोंडून काढून घेतली गेली. आईबापांचे जगणे हे अज्ञान होय असे त्यांना शिकविले गेले. म्हणून जेव्हा त्या मुलांनी मोठे होऊन सांगितले की नदीत काहीतरी बिघडले आहे, तेव्हा त्यांच्या शब्दाची किंमत आधीच कमी झालेली होती. ती कमी करण्यात आमच्याच पंथबांधवांचा हात होता.

युनायटेड चर्च ऑफ कॅनडाने १९८६ साली मूलनिवासी लोकांची क्षमा मागितली. अँग्लिकन मंडळीचे प्रमुख आर्चबिशप मायकल पीअर्स यांनी ६ ऑगस्ट १९९३ रोजी निवासी शाळांबद्दल क्षमायाचना केली, ती मिनाकी येथे, म्हणजे याच नद्यांच्या परिसरात. पोप फ्रान्सिस यांनी २०२२ साली कॅनडात जाऊन क्षमा मागितली. ही वचने मोलाची आहेत. पण क्षमा मागण्यापूर्वी ऐकणे घडले असते तर क्षमेचे ओझे हलके झाले असते.

६. आमच्या दारी

हे आमच्या देशात घडणार नाही असे कोणी म्हणू नये. ठाणे खाडी व मुंबई बंदर यांतील पाऱ्याविषयी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांचा लेख १९८१ सालीच प्रसिद्ध झाला, आणि पुढे उल्हास नदीच्या मुखाकडील गाळातही तो आढळला. पाऱ्याच्या घटांवर क्लोरीन करणारे कारखाने आपल्याकडे अनेक दशके चालले. पाणी प्रदूषणाचा केंद्रीय कायदा १९७४ चा, पर्यावरण संरक्षण कायदा भोपाळनंतरचा, १९८६ चा. पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला व त्यास मिनामाताचेच नाव देण्यात आले. भारताने त्यास २०१८ साली मान्यता दिली. कायदे आहेत. पण कायदा कागदावर चालतो, आणि गोंडाचा अनुभव त्याच्या जिभेवर असतो. या दोहोंमध्ये पूल लागतो. आमच्या मते तो पूल होणे हे गावागावांत राहणाऱ्या सेवकाचे काम आहे.

यासाठी काही साध्या गोष्टी आम्ही सुचवितो. प्रथम, वही ठेवावी. कोणत्या दिवशी डोहात मासे मेले, पाण्याचा रंग व वास कसा होता, मांजरे, बगळे, गुरे यांना काय झाले, कोणाच्या हातांना मुंग्या येतात, कोणते मूल उशिरा चालू लागले, हे तारखेसह लिहावे. मिनामातात पहिले साक्षीदार मांजरे होती. ती साक्ष कोणी लिहून ठेवली असती तर वर्षे वाचली असती. दुसरे, मोजणी मागावी. माशातील पारा प्रयोगशाळेत मोजता येतो, तसा माणसाच्या केसांतही मोजता येतो. पाचव्या अनुसूचीच्या गावांत ग्रामसभेला १९९६ च्या पेसा कायद्याने वजन आहे. तिने ठराव करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे व मत्स्यविभागाकडे मागणी करावी, आणि उत्तर गोंडी, कोलामी, तेलुगू व मराठीत लोकांसमोर वाचले जावे.

तिसरे, मोजणीपूर्वी भीती पसरवू नये. मासा हे गरिबाचे उत्तम अन्न आहे. ग्रासी नॅरोजमध्ये मासा बंद झाला आणि त्याच्या जागी काहीच दिले गेले नाही, तेव्हा दुसरे संकट उभे राहिले. कारखान्याच्या खालच्या डोहांविषयी शंका असेल तर गर्भवती स्त्रियांनी व लहान मुलांनी मोठे शिकारी मासे टाळावेत, लहान व शेवाळ खाणारे मासे किंवा गावतळ्यातले मासे घ्यावेत, इतका सल्ला सध्या पुरे.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण ती आमच्या स्वतःविषयी आहे. आमच्या व्यासपीठावरून दारूविरुद्ध फार बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पण प्रार्थनेस येताना एखाद्याचा तोल गेला, शब्द अडखळला, तर त्याच्या पापाविषयी बोलण्याआधी त्याच्या ताटाविषयी विचारावे. तो काय खातो, कोणत्या डोहातले खातो, त्याच्या घरात आणखी कोणाला असे होते काय? हे विचारण्यास पाच मिनिटे लागतात. वाबिगूनच्या काठी ती पाच मिनिटे पुष्कळांना मिळाली नाहीत.

आरंभी आम्ही मासा मागणाऱ्या मुलाची आठवण केली. आदिलाबादच्या आईबापांच्या प्रेमात काही उणे नाही. ते आजही मुलाच्या हाती मासाच देतात. त्या माशात दुसरे काही नाही ना, हे पाहण्याचे काम त्यांच्या एकट्याच्या डोळ्यांचे नाही. ज्यांना वाचता येते, लिहिता येते आणि कचेरीच्या पायऱ्या चढता येतात, त्या आम्हां सर्वांचे ते आहे.